अकरा तासांवर

त्या रविवारी बाबा दुकानात होते. गळ्यात टेप, कानामागे पेन्सिल, समोर कटिंगच्या टेबलावर राखाडी रंगाचं कापड पसरलेलं. फोन आईच्या हातात होता, त्यामुळे चित्र सारखं हलत होतं आणि बाबांचं डोकं मधूनमधून कपाळापाशी कापलं जात होतं.

"आई, जरा वर धर. मला नुसती हनुवटी दिसतेय."

"हनुवटीच बघण्यासारखी उरलीय," बाबा म्हणाले. "वरचं शेत कधीच कापून नेलंय. काय म्हणतेय आमची टाचणी?"

टाचणी म्हणजे मी. लहानपणी काडीसारखी होते आणि बोलले की टोचायचे, म्हणून. पुढे मी टोचायचं सोडलं, नाव तेवढं राहिलं.

"आज रविवार आहे ना? दुकान कसं काय उघडं?"

"वकीलसाहेबांचा सूट. त्यांचं पोट दर ट्रायलला वेगळं असतं. परवा आले ते श्वास आत ओढूनच उभे राहिले. मी म्हटलं, साहेब, कोर्टात दिवसभर असेच उभे राहणार असाल तर याच मापाचा शिवतो. नाहीतर सोडा तो श्वास, आणि मला खरा माणूस मोजू द्या."

मी हसले. ते हसले, आणि हसता हसता खोकले.

"हे काय आता?"

"खडूची धूळ."

"डॉक्टरला दाखवा."

"खडूला?"

पडद्याआड आई हसली. मग म्हणाली, "चल, ठेव आता. त्यांना काम करू दे."

आई आपण होऊन कधी 'ठेव' म्हणत नसे. मला ते जाणवलं, पण वकिलाच्या सुटाची घाई असेल असं समजून मी सोडून दिलं. निरोप घेताना बाबांनी नेहमीचंच विचारलं, "तिथलं सगळं ठीक ना? मग झालं." आणि मीही नेहमीचंच म्हणाले, "बरं."

तो शेवटचा साधा दिवस. पुढे मला कळलं, की साधा तो फक्त माझ्यापुरता होता.

*

मी राहते त्या शहरापासून आमच्या गावापर्यंतचं अंतर बाबांनी टेपनं मोजलं होतं. मी पहिल्यांदा निघाले त्या आठवड्यात त्यांनी शेजारच्या मुलीचा पृथ्वीचा गोल मागून आणला, कटिंगच्या टेबलावर ठेवला, टेपचं पितळी टोक आमच्या गावावर दाबलं आणि टेप समुद्रांवरून ओढत माझ्या शहरापर्यंत नेली. "साडेसात इंच," ते आईला म्हणाले. "लहान पोराची बाही यापेक्षा लांब असते. कशाला रडतेस?"

आईला इंच पटेनात. मग त्यांनी तिकिटवाल्याला फोन लावला आणि विमान किती तास घेतं ते विचारलं. तो म्हणाला, अकरा. झालं. त्या दिवसापासून मी अकरा तासांवर राहू लागले. आई शेजारणींना सांगायची, "अकरा तासांवर तर आहे. रात्री जेवून बसलं की सकाळी चहाला हजर." गिऱ्हाईकांना ठाऊक होतं, दुधवाल्याला ठाऊक होतं. पहिल्यांदा भेटलेला माणूसही मला विचारायचा, "तुम्हीच ना त्या अकरा तासांवरच्या?"

मी सांगून पाहिलं. एकदा नव्हे, पुष्कळदा. सांगितलं की अकरा तास हे फक्त मोठं विमान. त्याच्या आधी आगगाडी, मग छोटं विमान, मग एका परक्या विमानतळावर अर्धा दिवस खुर्चीत बसणं, उतरल्यावर ती रांग, आणि तिथून गावापर्यंत मोटारीचे चार-पाच तास. माझ्या दारापासून तुमच्या दारापर्यंत एक अख्खा दिवस जातो आणि वर थोडा उरतो. बाबा मान डोलवायचे. "हो, हो. पण विमान अकराच तास ना?"

कापड किती लागलं हे सांगताना शिलाईत गेलेलं धरायचं नाही, असा नियम शिवणाऱ्या माणसाच्या घरात तरी नसावा. आमच्याकडे होता. मी हळूहळू दुरुस्त करणं सोडून दिलं. आईला त्या आकड्याचा आधार होता. आधार काढून घेणं मला जमलं नाही.

*

शुक्रवारी संध्याकाळी दादाचा फोन आला.

"बाबांना ॲडमिट केलंय. घाबरू नकोस. छातीत जरा पाणी झालंय. आज रिपोर्ट बरा आहे."

"मी निघते."

"ये. पण सावकाश ये. घाई नाही. उगाच जिवाचं रान करू नकोस."

त्याचा आवाज मऊ होता. शेवटच्या वाक्यापाशी तो किंचित खाली उतरला, जशी पाठीवर कोणी थाप मारावी. हा आवाज मी कुठेतरी ऐकलाय असं मला वाटलं. कुठे, ते आठवलं नाही.

त्या रात्री एक विमान होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी एक. घाई नव्हती. मी सकाळचं घेतलं. रात्री नीट जेवले, ग्रंथालयातल्या साहेबांना रजेचं कळवलं, कुंड्यांना पाणी घातलं, आणि बाबांसाठी लोकरीचे मोजे बॅगेत टाकले. हॉस्पिटलात पाय गार पडतात म्हणून.

मोठ्या विमानातल्या त्या अकरा तासांबद्दल मी कोणाशी बोलले नव्हते. बोलणारही नव्हते.

विमानतळावर दादा नव्हता. काजकाका आले होते. आमच्या दुकानात ते माझ्या जन्माच्या आधीपासून काज करतात, म्हणजे बटणांची घरं, म्हणून काजकाका. एका भाड्याच्या गाडीशेजारी हात मागे बांधून उभे होते.

"दादा का नाही आला?"

"कामात आहे."

"बाबा कसे आहेत?"

"आता काही त्रास नाही त्यांना," काजकाका म्हणाले, आणि ड्रायव्हरला म्हणाले, "काच वर घे रे, ताईला वारा लागेल."

मी भाषेतच काम करणारी बाई. दिवसभर पुस्तकांतली वाक्यं वाचून ती कशाबद्दल आहेत हे ठरवण्याचा मला पगार मिळतो. ते वाक्य मला समजलं नाही. मी मागे टेकून डोळे मिटले. काजकाका साऱ्या रस्ताभर रस्त्याबद्दल बोलत राहिले. हा पूल नवा झाला, इथे पूर्वी खड्डे होते, त्या वळणावर आता दिवा बसवलाय. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. तोंडात दोरा धरून बसणारा माणूस तो.

घराकडे जाताना दुकान लागतं. भर सकाळी शटर खाली होतं. ऐन लग्नाच्या दिवसांत, दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायचे सूट आत टांगलेले असताना. बाबांनी आपल्या आईच्या वेळेलाही शटर पूर्ण खाली ओढलं नव्हतं, कमरेइतकं उघडं ठेवलं होतं.

मी काजकाकांकडे पाहिलं. ते पुलांबद्दल बोलायचे थांबले.

"तुम्हाला सांगू नका म्हणाले होते मला, ताई," ते म्हणाले. "घरी पोचेपर्यंत."

"कधी?"

त्यांनी वेळ सांगितली. मी मनात ती माझ्या घड्याळाशी जुळवली. मग पुन्हा जुळवून पाहिली, कारण पहिलं उत्तर मला नको होतं.

*

माणसं आली, गेली. जे करायचं असतं ते सगळं झालं. मी सगळ्यांना पाणी दिलं, कोण कुठून आलंय ते लक्षात ठेवलं, आणि "कसं झालं?" या प्रश्नाला प्रत्येक वेळी तेच उत्तर दिलं. रडले नाही. लोक म्हणाले, खंबीर आहे. एक आत्या म्हणाली, "बाई, लांब राहिलं की माया पातळ होते." मी तिच्या कपात चहा ओतत होते. कप भरला, तरी क्षणभर ओतत राहिले. बशीत गेला. तेवढंच.

तिसऱ्या आठवड्यात दुकान पुन्हा सुरू झालं. दादा कटिंगला उभा राहिला, बाबांच्या जागी. वहिनी आणि मी मागच्या खोलीत अर्धवट पडलेली कामं लावत होतो. प्रत्येक कापडाला टाचलेली चिठ्ठी बघायची, माणूस ओळखायचा, गठ्ठा करायचा. वहिनी झरझर काम करते आणि काम करताना मनातलं तोंडाने बाहेर पडतं हे तिला कळत नाही.

मला ते राखाडी कापड सापडलं. कुठेही खडूची रेघ नव्हती. कात्री लागलेली नव्हती. चिठ्ठी नव्हती.

"हे वकिलांचं ना? त्या रविवारी बाबा कापत होते ते?"

"छे. वकिलांचा सूट केव्हाच गेला. हे तर अस्तराचं, नमुन्याला आलेलं." मग ती थांबली. घडी घालता घालता थांबली म्हणूनच मला कळलं.

"वहिनी."

"काही नाही."

"वहिनी, बोल. मी आईला जाऊन सांगणार नाही."

तिनं दाराकडे पाहिलं. पुढून मशीनचा आवाज येत होता.

"त्या रविवारी त्यांना हॉस्पिटलातून दोन तासांसाठी आणलं होतं," ती म्हणाली. "डॉक्टर सोडत नव्हते, तुझ्या दादानं सही दिली. आईंचं म्हणणं, रविवारी फोन नाही झाला तर तिला संशय येईल, आणि घरी पलंगावर दिसले तर कळेलच. दुकानात बसवा. गळ्यात टेप घाला. मी म्हटलं, अहो, हाताला सलाईनची सुई आहे. तर म्हणाल्या, तो हात कापडाखाली ठेवा. म्हणून हे पसरलं."

"आणि तो विनोद? पोटाचा?"

"तो त्यांनी येताना गाडीत जुळवला. आम्हाला म्हणून दाखवला. म्हणाले, हे ऐकून हसली की पुढचं विचारायची नाही." वहिनीनं नाक पुसलं. "मला हसू आलं होतं गं. खरंच आलं होतं. गुरुवारी डॉक्टरांनी तुझ्या दादाला बाहेर बोलावून सांगितलं, तेव्हापासून नाही आलं."

मी ते कापड घडी घालून फळीवर ठेवलं. नीट, कडेला कड लावून. मला बाबांवर रागावता येईना, ते राहिले नव्हते. आईवर रागवायचं कसं हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. आमच्या घरी आईवर रागावलेला माणूस जेवायचा थांबायचा आणि आईच त्याची समजूत काढायची. उरला दादा. तो समोरच्या खोलीत होता, आणि त्याच्या हातात बाबांची कात्री होती.

"दादा, गुरुवारी डॉक्टर काय म्हणाले होते?"

त्यानं मान वर केली नाही. "कोणत्या गुरुवारी?"

"तुला माहितीये कोणत्या."

काजकाकांनी मशीनवरून पाय काढला. दादानं कात्री खाली ठेवली.

"म्हणाले, दोन-तीन दिवस. ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवा."

"मग?"

"मग मी उलटं मोजलं." त्याला यात काही लपवण्यासारखं वाटत नव्हतं, आणि तेच मला सहन झालं नाही. "शनिवारी संध्याकाळी तू इथे पाहिजेस. विमान अकरा तास. म्हणजे शुक्रवारी रात्री निघालीस तरी हाताशी वेळ राहतो. म्हटलं, शुक्रवारचा रिपोर्ट येऊ दे. कदाचित उठून बसतील. मग तुझी उगाच धावपळ."

लग्नाच्या कपड्यांचं आमच्याकडे असंच ठरतं. शनिवारी घालायचे तर शुक्रवारी काज-बटण, गुरुवारी ट्रायल, बुधवारी कटिंग. त्याआधी कापडाला हात लावायचा नाही, कारण तोवर नवरदेवाचं माप बदलतं. बाबांनी जन्मभर असंच मोजलं आणि एकही नवरदेव उघडा राहिला नाही.

"मी काय सूट आहे?"

"तसं नव्हे गं."

"विमान अकरा तास घेतं, दादा. मी विमानात राहत नाही. माझं घर त्या सीटखाली नाही."

"मला काय माहीत किती लागतात? कायम अकराच ऐकलंय."

"मी सांगितलंय. याच टेबलाशी उभी राहून सांगितलंय. आणि शुक्रवारी 'घाई नाही' का म्हणालास? शुक्रवारी रात्रीच निघायचं होतं ना मी तुझ्या हिशेबानं?"

"रिपोर्ट जरा बरा होता. आणि तू घाबरली असतीस. एकटी, एवढ्या लांब."

"एवढ्या लांब? आता लांब झालं?"

तेवढ्यात दारात एक गिऱ्हाईक आलं, तरुण, घामेजलेलं, हातात मोटारसायकलची किल्ली. "झाला का हो माझा ब्लेझर?"

दादाचा चेहरा बदलला. मी पाहिलं, कसा बदलला. मान किंचित तिरकी, आवाज मऊ, शेवटी किंचित खाली उतरलेला. "उद्या या. झालाच आहे, फक्त काज राहिलंय. उगाच धावपळ कशाला केलीत?"

माणूस समाधानानं गेला. ब्लेझरचं कापड टेबलाखाली होतं, दुकानदारानं बांधून दिलेल्या पिशवीत. दोरीही सोडलेली नव्हती.

मला तो आवाज आठवला, कुठे ऐकला होता ते. या दुकानात. जन्मभर. आधी बाबांच्या तोंडून, मग त्याच्या.

"असंच सांगितलंस ना मला?" मी म्हणाले. "फक्त काज राहिलंय. मला गिऱ्हाईक केलंत तुम्ही. दारात उभं करून 'उद्या या' सांगितलंत."

"हळू बोल."

"का? कोण ऐकेल? काजकाकांना तर सगळं आधीच माहीत होतं. ड्रायव्हरलासुद्धा माहीत होतं, म्हणून आरशात बघत नव्हता माझ्याकडे. सगळ्या गावाला माहीत होतं. मला एकटीला नव्हतं."

आता तोही चिडला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, लहानपणी व्हायच्या तशा. "तुला बोलायला काय जातंय? तू येतेस, बघतेस, जातेस. मी होतो तिथे. एकटा. त्यांच्या घशात नळी घालायची की नाही हे मला विचारत होते, मला! मी शिवणकाम करणारा माणूस. तेव्हा मला कुणाला फोन करावासा वाटला नसेल? तुलाच करावासा वाटला होता. हातात फोन घेतला होता मी."

"मग का नाही केलास?"

त्यानं कात्री उचलली, पुन्हा ठेवली. काजकाका मशीनच्या चाकाला हात लावून बसले होते, जणू ते आपोआप फिरेल. दादा का गप्प आहे ते मला माहीत होतं. त्याला ठाऊक नव्हतं की मला माहीत आहे. तो आईचं नाव घेणार नव्हता. त्याची ही एक गोष्ट मला आवडते, आणि त्या क्षणी तिचाही मला संताप आला.

*

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी माझी बॅग भरून दाराशी उभी होती. आई खिडकीशी बसून माझ्या कोटाचं बटण घट्ट करत होती. बटण सैल नव्हतं. तिला हाताला काहीतरी हवं होतं. वहिनी स्वयंपाकघरात भांडी लावत होती. मी आतल्या खोलीत पासपोर्ट शोधत होते, तेव्हा मधल्या बोळात दादा फोनवर बोलत होता. आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत, आणि त्याला वाटलं मी अंघोळीला गेलेय.

"परवाची वेळ द्या ना. हो, आईसाठीच. ती गाठ तपासायची होती, तुकडा काढून. डॉक्टर उद्याच म्हणताहेत? नाही, उद्या नको. उद्या बहीण निघतेय. ती एकदा गेली की आम्ही मोकळे."

मी पासपोर्ट हातात घेऊन तशीच बाहेर आले. दादानं मला पाहिलं आणि फोन खाली केला. फोनमधून कोणीतरी "हॅलो, हॅलो" म्हणत राहिलं.

मी त्याच्यापाशी थांबले नाही. सरळ खिडकीशी गेले.

"कुठे आहे गाठ?"

आईनं दोरा तोडला. दातांनी. "कसली गाठ?"

"आई."

तिनं दादाकडे पाहिलं, मग सुई दोऱ्याच्या रिळाला टोचून ठेवली. "काखेत आहे. एवढीशी. हरभऱ्याएवढीसुद्धा नसेल. काही नसतं ते. तुझी तयारी झाली का?"

"किती दिवस आहे?"

"मी दिवस मोजत बसले नाही. तुझे बाबा आजारी होते."

"म्हणजे तेव्हापासून. आणि मी गेल्यावर तुकडा काढायचा, मग रिपोर्ट यायचा, मग मला रविवारी फोन करायचा. खिडकीत बसून. हातात सुई-दोरा धरून. कोणता हात कापडाखाली ठेवायचा ते ठरवलंय का?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

आईच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तिनं कोटाची घडी घातली, मांडीवर ठेवली. "त्याला काही बोलू नकोस," ती दादाकडे न बघता म्हणाली. "त्याचा काही दोष नाही. मी सांगितलं होतं. मीच म्हटलं, तिला एवढ्यात बोलवू नको."

"मला माहितीये."

"तो दोनदा फोन घेऊन आला होता माझ्याकडे. मी म्हटलं, ठेव."

"का?"

"का काय? आली असतीस तर काय केलं असतंस? डॉक्टर आहेस? पुस्तकं लावतेस तू. हॉस्पिटलात आम्ही त्यांना बघायचं की तुला? पायाशी बसून रडली असतीस. त्यांना कळलं असतं, हिला एवढ्या लांबून बोलावलंय, म्हणजे आपलं संपलं. ते निदान समजत होते, टाचणीला अजून सांगितलेलं नाही, म्हणजे अजून वेळ आहे." तिनं कोटावरचा दोऱ्याचा तुकडा झटकला. "मला त्यांना घाबरवायचं नव्हतं. तुलाही नाही. तू तिकडे एकटी. अकरा तास विमानात एकटीनं बसून तू काय काय मनात आणलं असतंस? मी ते होऊ दिलं नाही. आई आहे मी तुझी. तू हसतखेळत आलीस, एवढं तरी मी तुला दिलं."

दादा बोळात तसाच उभा होता. फोन कधीच बंद झाला होता.

"उद्या मी जाणार नाही," मी म्हणाले. "डॉक्टर उद्या म्हणताहेत तर उद्या जायचं. मी आत येणार आहे तुझ्याबरोबर."

"वेडी आहेस का? विमान?"

"जाऊ दे."

"आणि नोकरी? असं कुठे असतं? एवढ्याशा गाठीपायी? बस इथे. पाणी पी. सूनबाई, हिला पाणी दे गं."

वहिनी पाणी घेऊन आली. मी पेला घेतला नाही. मी आईसमोर उभी राहिले, पासपोर्ट अजून हातातच होता, आणि माझा आवाज चढला नाही याचं मलाच आश्चर्य वाटलं. बहुधा फार दिवस आत राहिल्यामुळे तो सपाट झाला होता.

"आई, तू म्हणालीस मी हसतखेळत आले. मी सांगते कशी आले. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. मी विमानात सिनेमा लावला. दादानं घाई नाही म्हटलं होतं, रिपोर्ट बरा म्हटलं होतं, म्हणून विनोदी लावला. त्यात एक जाडा माणूस होता, तो नवा सूट घालायला पोट आत ओढतो आणि त्याला श्वासच सोडता येत नाही. मला वकील आठवले. बाबांचा तो विनोद आठवला, तुम्ही गाडीत जुळवून आणलेला. मी ठरवलं, गेल्या गेल्या हे बाबांना सांगायचं. काजकाकांनी मला वेळ सांगितली ना, ती मी कितीदा तरी जुळवून पाहिलीये. बाबा गेले तेव्हा माझ्यापुढे तोच जाडा माणूस होता. मला तेव्हा घाबरायचं होतं, आई. त्या सीटवर एकटीनं बसून काय वाट्टेल ते मनात आणायचं होतं मला. ते माझं होतं, तुम्ही माझ्यापासून काढून घेतलंत. माझे बाबा मरत होते आणि मी हसत होते. मोठ्यानं. शेजारच्या बाईनं वळून पाहिलं इतक्या मोठ्यानं. तुम्ही मला हसत ठेवलंत."